मागच्या खिडकीची उंची

उज्ज्वला गेल्याचं मला फोनवर कळलं. शनिवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. मी उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये एका जुन्या झेन गाडीच्या दाराला पुट्टी भरत होतो. पुट्टीत हार्डनर मिसळला की दहा-बारा मिनिटं मिळतात, मग ती घट्ट होते आणि फेकून द्यावी लागते. मी नुकताच मिसळला होता. गडहिंग्लजहून मेहुण्याचा, जयसिंगचा, फोन आला. उज्ज्वला चार दिवसांसाठी त्याच्याकडे गेली होती.

"दाजी, अक्का गेली," तो म्हणाला. "न्याहारी करून खुर्चीत बसली, ती उठलीच नाही."

मी "बरं, येतो" म्हणालो. फोन ठेवला आणि मिसळलेली पुट्टी दाराला भरून संपवली. कडा ओढून घेतल्या. मग हात धुतले आणि निघालो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हाताची सवय होती, एवढंच मला म्हणता येईल.

मी रघुनाथ लोहार. चौतीस वर्षं डेंटरचं, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढायचं, काम करतोय. आता ते काम फारसं उरलेलं नाही. नव्या गाड्यांची अंगं पत्र्याची नसतात, आकार लक्षात ठेवणाऱ्या प्लास्टिकची असतात. पोचा आला की मालक घरीच गरम हवा मारतो आणि पोचा आपोआप बाहेर येतो. माझ्याकडे येतात त्या जुन्या गाड्या, आणि त्यांच्यावर जीव असलेली माणसं. अशा माणसांचा फोनवर एक कट्टा आहे. गाडीकट्टा. कुठल्या गाडीचं नाक बिघडलं, कुठल्या कंपनीनं आपल्याच जुन्या मॉडेलची वाट लावली, यावर तिथं दिवसभर भांडणं चालतात. माझं खातं त्यावर अकरा वर्षांपासून आहे. 'लोहार डेंटर, कोल्हापूर' या नावाला कट्ट्यावर मान आहे. तो का आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता 'पारख' काय आहे ते सांगतो, मला जसं समजलं तसं.

आमच्या तरुणपणी प्रत्येक कंपनीचं इंजिन वेगळं होतं. बॉनेट बंद असलं तरी आवाजावरून गाडी ओळखता यायची. आता बॅटरी आणि मोटर दोन-तीन कारखान्यांतून येतात, सगळ्या कंपन्या त्याच घेतात. खालचा सांगाडाही जवळजवळ एकच. वेगळं उरतं ते फक्त दिसणं आणि पुढचा बिल्ला. म्हणून दिसण्याला फार महत्त्व आलं, आणि लोकांना काय आवडेल हे आधी कळावं म्हणून पारख नावाचं यंत्र आलं.

पारख गाडीचा आकार चारशे आकड्यांत मोडते. दिव्यांचा तिरकेपणा, चाकाच्या मानाने अंगाची उंची, छताचा उतार, असं सगळं. मग ती माणसासमोर दोन गाड्यांची चित्रं ठेवते आणि विचारते, यातली कुठली? कारण विचारत नाही. कट्ट्यावरच्या प्रत्येक खात्यावर दर रविवारी अशा बारा जोड्या येतात. हजार-दोन हजार जोड्यांची उत्तरं मिळाली की त्या माणसाची आवड म्हणजे एक बाण तयार होतो, कुठल्या दिशेला किती झुकलेला. तो बाण पक्का झाला, की कधीच न पाहिलेली गाडी त्या माणसाला आवडेल का, हे पारख दहात नऊ वेळा बरोबर सांगते. माणसाची आवड बदलत जाते, म्हणून जुन्या उत्तराचं वजन दर चार महिन्यांनी निम्मं होतं आणि नवं उत्तर वरचढ ठरतं. तीन महिने उत्तर दिलं नाही तर बाण पुसला जातो.

काही थोड्या माणसांचे बाण बाजाराच्या आधी वळतात. त्यांना आज जे आवडतं ते दोन वर्षांनी सगळ्यांना आवडतं. अशांना कंपनीवाले 'पारखी' म्हणतात. लोहार डेंटर पारखी होता.

खातं माझ्या नावावर, कारण सिमकार्ड माझ्या नावावर. टाइप करायची ती. माझी बोटं जाड, त्यात कायम काहीतरी चिकटलेलं. रविवारी जेवण झालं की मी आडवा व्हायचो, ती फोन घेऊन माझ्या उशाशी बसायची. चित्रं मला दाखवायची. मी म्हणायचो, "डावी. हिचं नाक रागीट आहे, बरं दिसतं." ती "हं" म्हणायची आणि बोट टेकवायची. तिचं बोट कुठं टेकतंय हे मी अकरा वर्षांत एकदाही बघितलं नाही.

ती गेल्यावर पहिले काही रविवार सुटले, मग तीन रविवार मी स्वतः अंगठ्याने उत्तरं दिली. मग चाकणहून एका मुलीचा फोन आला.

"रघुनाथकाका ना? मी गार्गी टिळेकर. पारखचं काम बघते."

"बोला."

"काका, सध्या तुमच्या खात्यावर दुसरं कुणी उत्तरं देतंय का?"

"नाही. मीच देतोय."

"मग आधी कोण देत होतं?"

मी म्हणालो, "मीच सांगत होतो. बटण तेवढं मालकीणबाई दाबायच्या."

"त्या आता..."

"गेल्या. सहा आठवडे झाले."

"सॉरी काका. मला माहीत नव्हतं." पुढचं ती हळूहळू बोलली. "तुमच्या आताच्या उत्तरांचा कच्चा बाण आणि आधीचा बाण यांच्यात काटकोन आहे. दुःखानं माणसाची आवड थोडी हलते, ते आम्ही बघितलंय. पण काटकोनात नाही वळत. ही दोन वेगळी माणसं आहेत."

मला आधी राग आला. मग मी विचारलं, "म्हणजे ती मी सांगितलेलं दाबत नव्हती?"

"कधीकधी दाबत असतील," गार्गी म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

तिने मला तीन रस्ते सांगितले. मी उत्तरं देणं थांबवलं तर तीन महिन्यांत बाण पुसला जाईल. मी माझ्या मनाची उत्तरं देत राहिलो तर जुन्या उत्तरांचं वजन उतरत जाईल आणि वर्षभरात बाण माझा होईल. आणि मी जर कागदावर लिहून दिलं की ही आवड माझी नव्हती, माझ्या बायकोची होती, तर कंपनीला ती सगळी लगेच काढून टाकावी लागेल. कारण परवानगी मी दिली होती, तिने नाही. आणि गेलेल्या माणसाकडून ती आता घेता येत नाही.

"कट्ट्यावर लिहिलेलं राहील," गार्गी म्हणाली. "तिथं फक्त नाव बदलेल. पण पारखमधून त्या जातील."

"आणि चौथा रस्ता?"

"चौथा नाहीये काका." मग म्हणाली, "तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी ऐकलंच नाही असं धरते. विचार करा."

चौथा रस्ता मी स्वतःच काढला. तिच्यासारखी उत्तरं द्यायची.

त्यासाठी तिला काय आवडत होतं हे कळायला हवं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. म्हणून कट्ट्यावर माझ्या नावाने जे लिहिलेलं होतं ते पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी सांगायचो आणि ती लिहायची, अशी माझी समजूत. एका गाडीबद्दल मी सांगितलं होतं की मागून म्हशीसारखी दिसते, लिही. तिने लिहिलं होतं: 'गाडी लोकांना पुढून दाखवतात, पण ती जास्त वेळ दिसते मागून. घरातलं माणूस निघालं की आपण दारात उभे असतो आणि वळणापर्यंत मागची बाजूच बघतो. या गाडीची मागची बाजू बघवत नाही.' खाली तीनशे लोकांनी मान डोलावली होती.

दुसऱ्या ठिकाणी: 'हल्ली कंबर वर नेण्याची फॅशन आलीय. दाराचा पत्रा उंच आणि काच बारीक. पुढून दणकट दिसतं, पण मागे बसणाऱ्याला हनुवटी वर करून बाहेर बघावं लागतं. खिडकी कोपराशी हवी, हनुवटीशी नको.'

जुन्या सिएरा गाडीबद्दल तिने लिहिलं होतं की छतापर्यंत वळलेल्या काचेतून मागच्या माणसाला आभाळ दिसतं. मी त्या काचेबद्दल तीस वर्षं फक्त एवढंच बोललोय की ती फुटली तर मिळत नाही.

कंपन्यांबद्दलही आमचं जमत नव्हतं. माझी एक कंपनी ठरलेली आहे, तिने काहीही काढलं तरी मला ते चांगलंच दिसतं. उज्ज्वलाने लिहिलं होतं, 'बिल्ल्यावर हात ठेवून फोटो टाका, मग सांगते कशी दिसते.' घाईत 'सांगते' लिहून गेली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर टाइप करताना चुकलं असं वाटलं असेल.

मी शिकायला लागलो. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीत आधी मागे जाऊन बसायचो. दुपारी दारात उभा राहून जाणाऱ्या गाड्या वळणापर्यंत बघायचो. शेजारच्या बायका काय समजल्या असतील कुणास ठाऊक. रविवारी बारा जोड्या आल्या की घाई करायची नाही. खिडकी बघायची, छताचा उतार बघायचा, मागचा दिवा हसतोय की बसलाय ते बघायचं. मला आवडलेली बाजूला ठेवायची आणि दुसरीवर बोट टेकवायचं. तेवढ्यानेही होत नव्हतं, कारण कधीकधी आमच्या दोघांची आवड एकच असायची, आणि मी उगाच उलटं उत्तर देऊन तिचं बिघडवायचो.

गार्गी काही न विचारता दर सोमवारी एक आकडा पाठवायची. जुन्या बाणाशी किती जुळलं त्याचा. एक्केचाळीस. शेहेचाळीस. एकोणपन्नास. चौथ्या महिन्यात अडुसष्ट झालं. त्या दिवशी मी दोन माणसांचा भात लावला आणि झाकण काढल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

डिसेंबरात गार्गी स्वतः कोल्हापूरला आली. सोबत नवी गाडी होती, अजून नाव न ठेवलेली, अंगावर आकार लपवणारं काळं-पांढरं कापड. शेडसमोर उभी केली आणि मागचं दार उघडून म्हणाली, "बसा काका."

मी बसलो. खिडकी माझ्या कोपराशी होती. रस्ता, गटार, समोरच्या वेल्डिंगवाल्याचं बाकडं, त्यावर झोपलेलं मांजर, सगळं बसल्या जागी दिसत होतं.

"कंबर पंचाहत्तर मिलिमीटर खाली आणलीय," ती म्हणाली. "आमचे डिझायनर तयार नव्हते. म्हणत होते, गाडी बुटकी दिसेल, या किमतीला लोकांना दणकट हवी असते. पण पारख एका बाजूला आणि ते एका बाजूला. मार्चमध्ये साचे गोठतील. नंतर बदल होत नाही."

खिडकीखाली एक छोटी पट्टी होती. 'पारखी: रघुनाथ लोहार, कोल्हापूर.'

"हे काय?"

"प्रत्येक गाडीत असेल. फेब्रुवारीत चाकणला कार्यक्रम आहे. तुम्हाला बोलवायचं ठरलंय. चार शब्द बोलायचे."

"मी काय बोलणार?"

गार्गीने माझ्याकडे बघितलं नाही. "खिडकीबद्दल बोला," ती म्हणाली.

ही बातमी कट्ट्यावर गेली. कट्ट्यावरचे आम्ही दहा-बारा जण रविवारी सकाळी उचगावच्या चार्जिंग स्टेशनमागे जमतो. त्या रविवारी इसाक मुजावरने पेढे आणले. इसाक माझ्या शेजारच्या शेडमध्ये गाड्या रंगवतो. त्याच्याकडे जुनी काँटेसा आहे आणि तिच्यापुढे त्याला दुसरी गाडी दिसत नाही.

"या, पारखी या," तो ओरडला. "आता आमच्याशी बोलणार का न्हाई?"

"गप रे."

"काँटेसाला नावं ठेवणारा माणूस, आणि ह्याचं नाव गाडीत! बॉनेट कसं पायजे? पलंगासारखं, लांब. त्यावर ह्यो काय लिहितो, पुढं पलंग आणि मागं बसायला पाट!" सगळे हसले. मीही हसलो. ते मी लिहिलं नव्हतं.

"पण खरं सांगू का," इसाक म्हणाला, "तुझी नजर येगळीच. आणि तुझा त्यो जोक मी आजून पावण्यांना सांगतो."

"कुठला जोक?"

"आयला, इसरलास? मीच इचारलं हुतं कट्ट्यावर, सारखं मागच्या सीटचं बोलतोस, गाडी चालवायला येती का न्हाई? आणि तू काय लिहिलास!" तो सांगायच्या आधीच हसायला लागला. "चौतीस वर्षं डेंटर, आणि म्हणतो..." त्याला पुढचं बोलवेना.

मी घरी येऊन शोधलं. सहा वर्षांपूर्वीचं होतं. इसाकच्या प्रश्नाखाली माझ्या नावाने लिहिलेलं होतं: 'नाही. दारात रोज गाड्या येतात आणि जातात, पण मला चालवायला कुणी शिकवलं नाही. मी कायम मागे बसूनच बघितलंय.'

खाली दोनशेबारा हसरे चेहरे.

तिने मला कधी विचारलं होतं का, हे मी आठवून बघितलं. विचारलं नव्हतं. पण एकदा, शेड नवी असताना, एका सिएराचं काम संपत आलं होतं. ती डबा घेऊन आली आणि पुढच्या सीटवर बसली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते. मी म्हणालो, "उतर, दाराचा रंग ओला आहे, साडी लागेल." ती उतरली. साडी लागली नव्हती. नंतर ती शेडमधल्या कुठल्याच गाडीत पुढे बसली नाही.

त्या आठवड्यात मी जोड्यांची उत्तरं दिली, पण लक्ष नव्हतं. आकडा एक्काहत्तर आला. आजवरचा सर्वांत चांगला. म्हणजे मी ना धड तिच्यासारखा होतो, ना धड माझ्यासारखा, आणि यंत्राला ते चालत होतं. मीच चालवून घेत होतो. तिची खिडकी टिकावी म्हणून मी तिचं बाकीचं सगळं माझ्या नावावर ठेवत होतो. पंचाहत्तर मिलिमीटर ही लहान गोष्ट नाही. हजारो बायका, म्हातारी माणसं, पोरं त्या खिडकीतून बाहेर बघतील. मी गप्प राहिलो तर ते होणार होतं. पण ते तिचं वाक्य माझ्या नावाखाली विनोद होतं. तिच्या नावाखाली ते खरं होतं. आणि ते खरं मानायला मी सोडून कुणी साक्षीदार नव्हता.

जानेवारीच्या शेवटी मी गार्गीला फोन केला.

"कागद पाठवा."

"काका, साचे गोठायला पाच आठवडे आहेत. तेवढं थांबलात तर खिडकी राहील. मग द्या लिहून."

"तोवर कार्यक्रम होईल. पट्टीवर माझं नाव लागेल. आणि मी तिथं उभा राहून बोलेन."

"नका येऊ कार्यक्रमाला. आजारी आहे सांगा."

"अकरा वर्षं मी आडवाच होतो, गार्गी."

संध्याकाळी कागद आला. एकच रकाना महत्त्वाचा होता: 'या खात्यावरची आवड कोणाची?' मी लिहिलं, उज्ज्वला रघुनाथ लोहार. एका बोटाने टाइप केलं. दोनदा चुकलं, पुसून परत केलं.

दुसऱ्या दिवशी पारखमधून ती काढली गेली. गार्गीने कळवलं. शेवटी एक ओळ जास्तीची होती, की बाण काढल्यावर तिच्या मागून जाणारे चाळीस हजार लोकांचे बाण थोडे थोडे डळमळले आणि मग पुन्हा जागेवर बसले. कार्यक्रम रद्द झाला. डिझायनर लोकांनी कंबर परत वर नेली, पूर्ण पंचाहत्तर नाही, साठ. पंधरा मिलिमीटर तिचे राहिले असं गार्गी म्हणते. ते तिचेच आहेत की कुणाच्या आळसाचे, हे आता सांगता येणार नाही.

कट्ट्यावर सगळ्या लिखाणावरचं नाव बदललं. इसाक शेडमध्ये आला आणि माझ्या स्टुलावर बसला.

"म्हंजे इतकी वर्षं आमी वहिनींशी भांडत हुतो?"

"हो."

"आणि तू?"

"मी झोपलेला असायचो."

तो म्हणाला, "काँटेसाच्या मागं बसून बघितलं सकाळी. पाटच हाय." मग उठला. दारात थांबून म्हणाला, "त्या जोकवर हसल्यालं मी काढून टाकलंय. बाकीच्यांनाबी सांगितलंय." मी नंतर बघितलं. दोनशेबारापैकी एकशे अठ्ठ्याहत्तर गेले होते. राहिलेले चौतीस जण आता कट्ट्यावर नसतील, किंवा त्यांना अजून ते हसण्यासारखंच वाटत असेल.

गार्गीने माझ्यासाठी नवं खातं उघडून दिलं. म्हणाली, "काका, आता तुमची आवड सांगा. तुमचीही हवीच आहे." मी हो म्हणालो.

पहिल्या रविवारी बारा जोड्या आल्या. मी जेवून आडवा न होता खुर्चीत बसलो. पहिली जोडी उघडली. डावीचं नाक रागीट होतं, पूर्वी मला तसं आवडायचं. उजवीची मागची काच मोठी होती. मी बराच वेळ बघत राहिलो. डावी आवडली असं म्हणायला गेलो तर ते जुन्या सवयीने म्हणतोय असं वाटलं. उजवी म्हणायला गेलो तर ते तिचं होतं, मी पाठ केलेलं. माझं कुठलं, हे सापडेना.

त्याला सात रविवार झाले. चौऱ्याऐंशी जोड्या साचल्या आहेत. एकाही जोडीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.